फ्लोरियन विर्ट्झ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२५ मध्ये लिव्हरपूलने एका बावीस वर्षांच्या जर्मन खेळाडूसाठी दहा कोटी पौंड मोजले आणि आपल्याकडच्या कित्येक प्रीमियर लीगप्रेमींनी फ्लोरियन विर्ट्झ हे नाव पहिल्यांदा नीट ऐकलं. बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीतली पहिल्या श्रेणीची लीग, बघणाऱ्यांना तो त्याआधी पाच वर्षांपासून ठाऊक होता. मी या दुसऱ्या गटातला. त्याच्याबद्दल जे प्रश्न सारखे कानावर येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र देतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. विर्ट्झ जितका त्याच्या पायांमुळे घडला तितकाच घरच्यांनी घाई न करता घेतलेल्या निर्णयांमुळे घडला. आणि त्याला फक्त किमतीच्या आकड्यावरून जोखणं मला पटत नाही.

विर्ट्झ मूळचा कुठला? घरात फुटबॉल होता का?

होता, आणि भरपूर होता. त्याचा जन्म ३ मे २००३ चा, पुलहाइमचा. पुलहाइम हे केल्न (इंग्रजीत कोलोन) शहराला वायव्येकडून लागून असलेलं छोटं गाव. त्याच गावाच्या ब्राउवायलर भागातल्या ग्रुन-वाइस ब्राउवायलर या क्लबात त्याने सुरुवात केली. त्याचे वडील या क्लबाचे अध्यक्ष होते. दहा भावंडांत फ्लोरियन शेंडेफळ. त्याच्याहून थोडी मोठी बहीण युलियाने हीसुद्धा व्यावसायिक फुटबॉलपटू असून महिलांच्या बुंडेसलीगात खेळली आहे.

एक गोष्ट इथे मुद्दाम नोंदवतो. बड्या खेळाडूंचे व्यवहार बहुतेक वेळा मोठ्या एजंटांच्या हाती असतात. विर्ट्झच्या बाबतीत ते आईवडिलांनीच पाहिले. पुढे त्याने कुठे जायचं, कधी जायचं आणि मुख्य म्हणजे कधी जायचं नाही, या प्रत्येक वेळी ह्याचा फरक पडलेला दिसतो.

तो केल्नचा मुलगा. मग केल्न सोडून लेव्हरकुझेनला कसा गेला? त्यावरून एवढी नाराजी का?

२०१० मध्ये, म्हणजे सात वर्षांचा असताना, तो एफसी केल्नच्या युवा विभागात दाखल झाला. जवळजवळ दहा वर्षं तिथेच वाढला. २०१९ मध्ये केल्नच्या १७ वर्षांखालील संघाने अंतिम सामन्यात डॉर्टमुंडला ३-२ ने हरवून जर्मन विजेतेपद पटकावलं. त्या संघात विर्ट्झ होता. त्याला पाहिलेल्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं की हा लवकरच मोठ्यांच्यात खेळणार.

मात्र केल्नशी असलेला त्याचा करार २०२० च्या उन्हाळ्यात संपत होता आणि नव्या करारावर सही होत नव्हती. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या लेव्हरकुझेनने, म्हणजे बायर लेव्हरकुझेन या क्लबाने, त्याला उचललं. केल्नवाल्यांचा संताप दोन कारणांनी होता. पहिलं म्हणजे त्यांच्या हाती त्याबदल्यात फारच किरकोळ रक्कम पडली. दुसरं कारण जास्त झोंबणारं होतं. ऱ्हाइनकाठच्या केल्न, लेव्हरकुझेन आणि म्योन्शनग्लाडबाख या तीन क्लबांत एकमेकांची युवा मुलं पळवायची नाहीत असा तोंडी समझोता होता. लेव्हरकुझेनचं म्हणणं, आम्ही त्याला युवा संघासाठी घेतलेलंच नाही, थेट मुख्य संघासाठी घेतलं आहे, त्यामुळे समझोता मोडला असं होत नाही. केल्नला हा युक्तिवाद अर्थातच मान्य नव्हता.

कोल्हापूरच्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको. पाटाकडील तालमीत तयार झालेला पोरगा पुढच्या हंगामात दिलबहारकडून शाहू स्टेडियमवर उतरला, तर पेठेत जे बोललं जाईल तेच तिथे बोललं गेलं.

माझ्या मते त्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. लेव्हरकुझेनने त्याला मुख्य संघाचा स्पष्ट रस्ता दाखवला होता आणि त्या क्लबाने आधी काई हाव्हर्ट्झसारख्या किशोरवयीन खेळाडूला बिनधास्त मैदानात उतरवलं होतं. शिवाय लेव्हरकुझेन म्हणजे ऱ्हाइन ओलांडली की आलं. घर सोडावं लागणार नव्हतं.

त्याचा पहिला सामना कोणता?

१८ मे २०२०, वेर्डर ब्रेमेनविरुद्ध, ब्रेमेनमध्ये. कोरोनामुळे बंद पडलेली बुंडेसलीगा नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. स्टेडियम रिकामं, प्रशिक्षकांच्या हाका टीव्हीवर ऐकू येत होत्या. लेव्हरकुझेनचे त्या वेळचे प्रशिक्षक पीटर बॉस यांनी १७ वर्षं १५ दिवसांच्या विर्ट्झला थेट पहिल्या अकरात घेतलं. हाव्हर्ट्झचा विक्रम मोडून तो बुंडेसलीगात लेव्हरकुझेनकडून खेळलेला सर्वांत लहान खेळाडू ठरला. सामना ४-१ ने जिंकला. तेव्हा तो अजून शाळेत जात होता.

बुंडेसलीगात सर्वांत लहान वयात गोल करण्याचा विक्रम त्याचाच आहे ना?

होता, सहा महिने. ६ जून २०२० ला बायर्न म्युनिकविरुद्ध ८९ व्या मिनिटाला त्याने गोलरक्षक मान्युएल नॉयरला चकवून गोल केला. वय १७ वर्षं ३४ दिवस. त्याआधीचा विक्रम नुरी शाहिनचा होता. पुढे त्याच डिसेंबरात डॉर्टमुंडच्या युसूफा मुकोकोने सोळाव्या वर्षीच गोल करून तो मोडला. लेव्हरकुझेन तो सामना २-४ असा हरलं, तरी त्या संध्याकाळची आठवण गोलचीच राहिली.

बायर म्हणजे आपली ती औषधांची आणि फवारणीची कंपनी? तिचा फुटबॉल क्लब?

होय, तीच. भारतातलं जिचं मुख्यालय ठाण्यात आहे आणि जिची कॉन्फिडॉरची बाटली आपल्याकडच्या कापूस उत्पादकाच्या घरात सहज सापडते, तीच कंपनी. १९०४ मध्ये लेव्हरकुझेनच्या कारखान्यातल्या कामगारांनी हा क्लब सुरू केला. क्लबाच्या बोधचिन्हात आजही बायरचा आडवाउभा वर्तुळातला क्रॉस आहे. जर्मनीत क्लबाची बहुमताची सूत्रं सभासदांच्या हाती असावीत असा नियम आहे. कंपनीशी असलेल्या जुन्या नात्यामुळे लेव्हरकुझेनला त्यातून सवलत मिळाली आहे. म्हणूनच इतर क्लबांचे काही चाहते त्याला नाकं मुरडतात.

मैदानही लहान आहे. बायअरेनात तीस हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतात. आणि विर्ट्झ तिथे आला तेव्हा क्लबाच्या कपाळावर एक जुना शिक्का होता, तो म्हणजे 'नेहमी दुसरे'. २००२ मध्ये लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही स्पर्धा अगदी शेवटच्या टप्प्यावर त्यांच्या हातून निसटल्या. झिनेदिन झिदानने अंतिम सामन्यात मारलेला तो हवेतला फटका याच संघाविरुद्धचा.

जर्मनीत असे खेळाडू तयार होतात तरी कसे?

यावर वेगळा लेख होईल, थोडक्यात सांगतो. युरो २००० मध्ये जर्मनी गटातच, एकही सामना न जिंकता बाहेर पडली. तो धक्का तिथल्या महासंघाने मनावर घेतला. अव्वल क्लबांना युवा प्रशिक्षण केंद्र चालवणं बंधनकारक झालं. देशभर साडेतीनशेहून अधिक ठिकाणी प्रशिक्षण तळ उघडले गेले, जिथे खेड्यातल्या मुलांनाही आठवड्यातून एकदा पात्र प्रशिक्षकाकडे खेळता येतं. क्लब आणि शाळा यांच्यात वेळापत्रकाचा मेळ घातला गेला. २०१४ चा विश्वविजेता संघ हे त्याचं फळ.

त्यानंतर एक तक्रार सुरू झाली: या व्यवस्थेतून शिस्तबद्ध पास देणारे पुष्कळ निघतात, पण एकट्याने सामना फिरवणारे निघत नाहीत. अलीकडे लहान मुलांसाठी तीन-तीन खेळाडूंचे, छोट्या गोलांचे सामने आणले गेले ते त्यावरच उपाय म्हणून. विर्ट्झ या तक्रारीला जिवंत उत्तर आहे असं मला वाटतं. तो व्यवस्थेतूनच आला, तरी त्याच्या खेळातला गल्लीतला खोडसाळपणा कुणी पुसून टाकला नाही.

गुडघ्याच्या दुखापतीचं काय झालं होतं?

१३ मार्च २०२२. समोर केल्न, म्हणजे त्याचा जुना क्लब, आणि सामना बायअरेनावर. डाव्या गुडघ्याचा एसीएल फाटला. तेव्हा त्याचा अठरावा वाढदिवस होऊन वर्षही झालं नव्हतं, त्या हंगामात तो लीगमधल्या सर्वांत प्रभावी खेळाडूंपैकी एक होता, आणि नोव्हेंबरात कतारचा विश्वचषक होता. तो विश्वचषक हुकला. विर्ट्झशिवाय गेलेली जर्मनी तिथे गटातच गारद झाली.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत धरून ठेवणारी दोरी. पूर्ण फाटली की ती आपोआप नीट जुळत नाही. शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून तिच्या जागी बसवावा लागतो. तो बंध नव्या जागी रुजायला महिने लागतात. सहाव्या महिन्यात गुडघा दुखत नाही म्हणून खेळायला उतरणारे पुष्कळ जण तीच दुखापत पुन्हा करून घेतात. आपल्याकडे कबड्डी आणि कुस्तीत हे सर्रास घडतं, म्हणून हा मुद्दा जरा लांबवतो आहे. लेव्हरकुझेन त्या शरद ऋतूत तळाच्या जवळ घसरलं होतं, संघाला त्याची निकड होती, तरीही कुणी त्याला लवकर उतरवलं नाही. दहा महिने पूर्ण झाल्यावर, जानेवारी २०२३ मध्ये तो परतला, तोही आधी बदली खेळाडू म्हणून.

परतलेल्या विर्ट्झचं वळणं, थांबणं आणि पुन्हा सुटणं पूर्वीसारखंच होतं. माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. गोल आणि करंडक त्याच्यानंतरचे.

शाबी अलोन्सोने त्याच्यात काय बदललं?

अलोन्सो ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा लेव्हरकुझेन अठरा संघांत सतराव्या स्थानावर होतं. मोठ्यांच्या संघाला शिकवण्याचा त्याचा अनुभव रेआल सोसिएदादच्या दुसऱ्या संघापुरता. तो हंगाम त्याने सहाव्या स्थानावर संपवला. पुढच्या हंगामात ग्रानिट झाका, अलेहान्द्रो ग्रिमाल्डो, योनास होफमान, व्हिक्टर बोनिफेस आले आणि विर्ट्झच्या पाठीवर २७ ऐवजी १० नंबर आला.

मागे तीन बचावपटू, मधे चौघे, पुढे दोन दहा नंबर (आघाडीवीराच्या मागे राहून हल्ला रचणारे) आणि एक आघाडीवीर अशी मांडणी होती. विर्ट्झ त्या दोन दहा नंबरांपैकी डावीकडचा. त्याच्या बाहेर ग्रिमाल्डो सीमारेषेला धरून वर जायचा, त्यामुळे समोरचा उजवा बचावपटू पेचात पडायचा: ग्रिमाल्डोकडे जावं तर विर्ट्झ मोकळा, विर्ट्झला धरावं तर ग्रिमाल्डो मोकळा. मागे झाका चेंडू घेऊन उभा. विर्ट्झ दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात उभा राहतो आणि चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे बघतो. एकदा नाही, दोनतीनदा. पास येईपर्यंत कोण कुठे आहे हे त्याला ठाऊक झालेलं असतं. त्यामुळे पहिल्या स्पर्शातच तो पाठीवर आलेल्या माणसाच्या विरुद्ध बाजूला वळतो. लोकांना वाटतं तो वेगवान आहे. धावण्यात त्याच्याहून वेगवान पुष्कळ आहेत. त्याने निर्णय आधी घेतलेला असतो, एवढंच.

दुसरी गोष्ट, चेंडू गेला की तो परत मिळवायला तो धावतो. दहा नंबरवाल्यांची जुनी ओळख म्हणजे चेंडू गेला की कंबरेवर हात. विर्ट्झ उलट पहिल्या दोनतीन सेकंदांत चेंडूवाल्यावर तुटून पडतो. अलोन्सोचा संघ समोरच्याला श्वास घेऊ देत नव्हता त्यात याचा मोठा वाटा आहे.

त्याचा एकच गोल बघायचा असेल तर ऑक्टोबर २०२३ मधला फ्रायबुर्गविरुद्धचा बघा. चेंडू घेऊन तो बचावपटूंच्या गर्दीत शिरतो, दर वेळी वाटतं की आता गेला, आणि दर वेळी चेंडू बुटाच्या टोकाशी पुन्हा सापडतो.

२०२३-२४ च्या त्या हंगामात नेमकं काय झालं?

लेव्हरकुझेनने लीगमधले ३४ पैकी २८ सामने जिंकले, ६ बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. बुंडेसलीगाच्या इतिहासात असं आधी कुणी केलं नव्हतं. बायर्नची सलग अकरा विजेतेपदांची साखळी तुटली. क्लबाचं हे पहिलंच लीग विजेतेपद.

१४ एप्रिल २०२४ ला, पाच फेऱ्या शिल्लक असतानाच, ते निश्चित झालं. समोर पुन्हा वेर्डर ब्रेमेन, ज्यांच्याविरुद्ध विर्ट्झने पदार्पण केलं होतं. तीन दिवसांपूर्वी युरोपा लीगचा सामना झाला असल्याने अलोन्सोने त्याला सुरुवातीला बसवलं होतं. बदली म्हणून आला आणि ६८, ८३ आणि ९० व्या मिनिटाला गोल केले. त्याची व्यावसायिक कारकिर्दीतली ती पहिली हॅटट्रिक. शेवटच्या गोलनंतर प्रेक्षकांचा लोंढा मैदानात घुसला आणि सामना तिथेच संपला. ५-०.

सर्व स्पर्धा धरून सलग ५१ सामने अपराजित राहिल्यावर डब्लिनमधल्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात अटालांटाने ३-० ने हरवलं. तिन्ही गोल अडेमोला लुकमनचे. तीनच दिवसांनी झाकाच्या गोलवर कायझर्सलाउटर्नला हरवून जर्मन कप घेतला. विर्ट्झच्या नावावर लीगमध्ये ११ गोल आणि ११ असिस्ट, म्हणजे इतरांच्या गोलसाठी दिलेले पास. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बुंडेसलीगाने त्यालाच निवडलं.

जर्मनीच्या संघाकडून त्याची कामगिरी कशी आहे?

२०२१ मध्ये २१ वर्षांखालील युरो जिंकणाऱ्या संघात तो होता. उपांत्य फेरीत नेदरलँड्सविरुद्ध दोन्ही गोल त्याचे, पहिला तर सामना सुरू होऊन अर्धा मिनिट व्हायच्या आत. त्याच सप्टेंबरात लिख्टेनश्टाइनविरुद्ध वरिष्ठ संघात पदार्पण.

२३ मार्च २०२४ ला लियाँमध्ये फ्रान्सविरुद्ध सामना सुरू झाल्याबरोबर टोनी क्रोसने लांब पास दिला, विर्ट्झने चेंडू थांबवून लांबूनच मारला, आडव्या खांबाला लागून आत. सात सेकंद. जर्मनीचा आजवरचा सर्वांत जलद गोल. योगायोग असा की त्याच संध्याकाळी ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ बाउमगार्टनरने स्लोव्हाकियाविरुद्ध सहा सेकंदांत गोल केला.

घरच्या युरो २०२४ मधला पहिला गोल विर्ट्झचाच, स्कॉटलंडविरुद्ध दहाव्या मिनिटाला. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनविरुद्ध मात्र प्रशिक्षक युलियान नागल्समान यांनी त्याला पहिल्या अकरातून वगळलं. मध्यंतरानंतर आला. ८९ व्या मिनिटाला किमिशने डोक्याने मागे दिलेला चेंडू त्याने जाळ्यात धाडला आणि सामना जादा वेळेत नेला. ११९ व्या मिनिटाला मिकेल मेरिनोच्या गोलने जर्मनी बाहेर गेली. त्याला सुरुवातीपासून खेळवायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

मुसियाला चांगला की विर्ट्झ?

दोघे २००३ चे, दोन महिन्यांच्या अंतराने जन्मलेले. जर्मन माध्यमांनी दोघांचं मिळून 'वुसियाला' असं नावही पाडलं. जमाल मुसियाला सातव्या वर्षी इंग्लंडला गेला, चेल्सीच्या अकादमीत वाढला आणि २०१९ मध्ये बायर्नला आला. अरुंद जागेत चेंडू घेऊन माणसं चुकवण्यात तो जगात पहिल्या काहींत आहे. विर्ट्झ पास आधी बघतो, ड्रिबल नंतर. एकच निवडायचा तर मी विर्ट्झला घेईन, कारण त्याच्यामुळे आजूबाजूचे चौघे सुधारतात. पण खरी मजा दोघे जर्मनीच्या संघात एकत्र असताना आहे. जुलै २०२५ मध्ये क्लब विश्वचषकात मुसियालाचं पायाचं हाड मोडलं आणि ती जोडी कित्येक महिने बघायला मिळाली नाही.

बायर्न मागे लागलेली असताना तो लिव्हरपूलला का गेला?

बायर्नला तो हवा होता हे तिथल्या पदाधिकाऱ्यांनी कधी लपवलं नाही. जर्मनीत आजवरची रीत अशी की लेव्हरकुझेनचा उत्तम खेळाडू शेवटी म्युनिकला जातो. बालाकही तसाच गेला. विर्ट्झने २०२४ मध्ये विजेतेपदानंतर लगेच उडी न मारता आणखी एक हंगाम लेव्हरकुझेनला काढला. मग अलोन्सो रेआल माद्रिदला गेला, संघ विखुरला आणि हाही निघाला. लेव्हरकुझेनसाठी १९७ सामने, ५७ गोल. जर्मनीचा २०२५ चा सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मान जाता जाता मिळाला.

लिव्हरपूलचे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांनी संघ त्याच्याभोवती कसा उभा राहील हे त्याला पटवलं, हे कारण आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तोवर त्याचं सगळं आयुष्य पुलहाइम, केल्न, लेव्हरकुझेन या छोट्या त्रिकोणात गेलं होतं. पहिल्यांदाच घरापासून लांब जायचं, तर मग पूर्णच लांब, दुसऱ्या लीगमध्ये, जिथे कुणी आयतं राज्य देणार नाही.

दहा कोटी पौंड म्हणजे किती? तो तेवढ्याचा आहे का?

त्या वेळच्या दराने अकराशे कोटी रुपयांच्या पुढे. वर कामगिरीवर अवलंबून आणखी १ कोटी ६० लाख पौंड. लिव्हरपूलने त्याच उन्हाळ्यात अलेक्झांडर इसाकसाठी साडेबारा कोटी पौंड मोजले, त्यामुळे क्लबाचा सर्वांत महागडा खेळाडू हे बिरुद विर्ट्झकडे अडीच महिनेसुद्धा राहिलं नाही. पाच वर्षांचा करार आणि ७ नंबर, जो त्या क्लबात केविन कीगन, केनी डॅलग्लिश आणि लुईस सुआरेझ यांनी घातला.

ही रक्कम खेळाडूच्या हातात जात नाही, ती विकणाऱ्या क्लबाला मिळते. बावीस वर्षांचं वय, करारातली उरलेली वर्षं, गिऱ्हाइकांची गर्दी या सगळ्यांची ती बेरीज असते. विर्ट्झने ती ठरवलेली नाही. तरी प्रत्येक चुकलेल्या पासवर आकडा त्याच्याच तोंडावर फेकला जातो.

मग पहिल्या काही महिन्यांत तो इंग्लंडमध्ये अपयशी का वाटला?

गोल नव्हते म्हणून. लीगमधला पहिला गोल यायला २७ डिसेंबर २०२५ उजाडला, अॅनफील्डवर, वुल्व्हजविरुद्ध. तोपर्यंत टीका पुष्कळ झाली होती, मधे काही सामने तो बाकावरही बसला.

पण परिस्थिती बघा. तो आला आणि काही दिवसांतच, ३ जुलैला, संघातला दिओगो जोटा स्पेनमध्ये मोटार अपघातात गेला. सगळा संघ शोकात होता. वर अर्धी आघाडी नवी. ज्या लिव्हरपूलने आदल्या हंगामात लीग जिंकली, तेच शरद ऋतूत सातपैकी सहा लीग सामने हरलं. अशा संघात दहा नंबरवाला आधी दिसेनासा होतो, कारण त्याच्या पासवर कुणी कुठे धावायचं हेच ठरलेलं नसतं. लेव्हरकुझेनमध्ये ग्रिमाल्डो कधी सुटणार हे त्याला न बघता कळायचं. तसं कळायला वेळ लागतो.

शिवाय प्रीमियर लीगमध्ये अंगाला अंग भिडवणं जास्त आणि रेफ्रींच्या शिट्ट्या कमी. सुरुवातीला त्याचा चेंडू धक्क्यावर जायचा. हळूहळू तो लवकर सोडायला शिकला. ऑक्टोबरात फ्रांकफुर्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या ५-१ विजयात त्याने दोन गोलांसाठी पास दिले, तेव्हाच जुनी लय दिसू लागली होती. मी त्या वर्षाला अपयश म्हणणार नाही.

लहान वयात गाजलेले सगळे जर्मन खेळाडू असेच पुढे जातात का?

नाही, आणि याचं एक उदाहरण आपल्या भागातल्या प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात जर्मनीचे पहिले दोन सामने मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झाले. कोस्टा रिकाला २-१ हरवलं, मग इराणकडून ०-४ असा मार खाल्ला. त्या संघाचा आघाडीवीर यान-फीटे आर्प तेव्हा जर्मनीची सर्वांत मोठी आशा होता. भारतातून परतल्यावर महिन्याभरात त्याने हांबुर्गकडून बुंडेसलीगात गोल केला. २००० मध्ये किंवा नंतर जन्मलेल्या खेळाडूचा तिथला तो पहिलाच गोल. हांबुर्ग त्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरलं. आर्प १९ व्या वर्षी बायर्नला गेला आणि तिथे बहुतेक दुसऱ्या संघातच खेळला. मग होल्श्टाइन कीलला जाऊन त्याने कारकीर्द नव्याने उभी केली आणि २०२४ मध्ये त्या क्लबाबरोबर पहिल्या श्रेणीत परतला.

आर्पमध्ये गुण कमी होते असं मला वाटत नाही. विर्ट्झला स्थिर क्लब मिळाला, आणि त्याने एकोणिसाव्या वर्षी मोठ्या नावामागे धाव घेतली नाही.

माझा मुलगा मिडफिल्डर आहे. विर्ट्झचं काय बघायला सांगू?

गोलांच्या चित्रफिती दाखवू नका. एक पूर्ण सामना दाखवा आणि पंधरा मिनिटं फक्त विर्ट्झकडे बघायला सांगा, चेंडू कुठेही असो. तो मान किती वेळा वळवतो ते मोजायला लावा. चेंडू येताना त्याचं अंग तिरकं असतं, छाती सरळ पासकडे नसते, हे दाखवा. चेंडू गेल्यावर पहिली तीन पावलं कुठे पडतात ते बघायला सांगा. या तिन्ही सवयी चिखलातल्या मैदानावर, उसन्या बुटांतही लावता येतात.

इथून त्याचे सामने किती वाजता दिसतात?

इंग्लंडमधला शनिवारी दुपारी तीनचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसातला आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठला सुरू होतो. चॅम्पियन्स लीगचे रात्रीचे सामने उन्हाळी वेळेत साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. मार्चच्या शेवटच्या रविवारी वेळ पुन्हा एक तासाने अलीकडे येते.